कुडपण जरा गरम दाखवा

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पीएच.डी.चे गाईड सर फोनवर म्हणाले, संशोधनाची रोजच्या रोज नोंद ठेवत जा, म्हणजे चूक नक्की कधी केली ते नंतर शोधता येतं. म्हणून ही वही.

विषय: येत्या काळात जमीन आणि समुद्र किती तापतील याचं गणिती मॉडेल. मोठ्या संस्थांकडे यासाठी खोल्याच्या खोल्या भरून संगणक असतात. माझ्याकडे महाडच्या ज्युनियर कॉलेजात गणित शिकवून उरलेला वेळ आहे आणि एक लॅपटॉप आहे, जो स्वतःच इतका तापतो की मांडीवर उशी घ्यावी लागते. म्हणून माझं मॉडेल साधं आहे. दोन डबे. एका डब्यात जगातली सगळी जमीन, दुसऱ्यात सगळा समुद्र. वरून ऊन येतं, थोडी उष्णता परत जाते, थोडी डबे एकमेकांना देतात. जमिनीचा डबा पटकन तापतो. समुद्राचा सावकाश, पण तो उष्णता खोलवर साठवत राहतो.

मी हे सरांना फोनवर सांगत होते, ते आईने दारातून ऐकलं आणि विचारलं, "कसले डबे? माझा डाळीचा डबा तूच नेलायस काय?"

कॉलेजात भूगोलाचे अरविंद सर आहेत, एकटेच राहतात. त्यांनी आज काही कारण नसताना गुलाबजाम आणले आणि स्टाफरूममध्ये नेमके माझ्या टेबलावर ठेवले. मी सगळ्यांना वाटून टाकले. माझ्या वाट्याला आला नाही. त्यांच्याही नाही.

२१ फेब्रुवारी

मॉडेल पहिल्यांदा शेवटपर्यंत चाललं. फार आनंद झाला. मग उत्तर पाहिलं. २०४७ साली जमिनीचं तापमान उणे साठ.

दिवसभर बारावीच्या परीक्षेचं सुपरव्हिजन होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. दुपारच्या सुट्टीत अरविंद सरांना आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "महाडात बर्फ पडला तर सुट्टी मिळेल का, हे ऑफिसात विचारून ठेवतो." त्यांना विनोदाची चांगली जाण आहे, पण या वेळी ती दाखवायला नको होती.

घरी येऊन पाहिलं तर एका ठिकाणी ऋण चिन्ह चुकलं होतं. समुद्र जमिनीकडून उष्णता घेत होता आणि परत द्यायचं नाव नव्हतं. चिन्ह बदललं. आता जग तापतंय. हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याबद्दल वाईट वाटलं.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन

वर पठारावरच्या कुडपण गावच्या शाळेत माझं व्याख्यान झालं. पोलादपूरवरून वर जाणारी एस.टी. वेळेत नव्हती, म्हणून अरविंद सरांनी त्यांच्या जुन्या अल्टोतून सोडलं. म्हणाले, मला तसंही त्या बाजूचे खडक बघायचे होते. खडक त्यांनी गाडीतूनच बघितले.

माझ्या मॉडेलमध्ये कुडपण नाही. महाडही नाही. त्यात फक्त जमीन आणि समुद्र. पण मुलांना आपलं गाव दिसलं पाहिजे, म्हणून मोठ्या मॉडेलांवरून कोकणाचं प्रमाण घेऊन माझ्या मॉडेलच्या उत्तराला लावलं, उंचीचा फरक धरला आणि दोन रेषा काढल्या. वरची महाडची, खालची कुडपणची. दोन्ही वर चढणाऱ्या. प्रत्येक रेषेभोवती एक फिकट पट्टी, कारण भविष्य रेषेइतकं बारीक नसतं. मी सावकाश सांगितलं, "कुडपण महाडपेक्षा थंड आहे आणि थंड राहील, पण दोन्ही तापणार आहेत. आणि किती तापतील ते या पट्टीत कुठेही असू शकतं."

गावातले धोंडू शेलार पुढेच बसले होते. सत्तरीचे आहेत, पठारावर त्यांची शेती आहे, मुलगे मुंबईला. ते म्हणाले, "म्हंजे तुम्हांला नक्की म्हायत नाय."

मी म्हटलं, "किती नक्की माहीत नाही, ते मला नक्की माहीत आहे."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही.

बक्षिसं रितेश नावाच्या एका गृहस्थांनी दिली. जमिनीचे व्यवहार करतात. त्यांनी माझ्या आलेखाचा मोबाइलवर फोटो घेतला. विज्ञानाबद्दल इतकी आस्था सहसा दिसत नाही.

१७ मार्च, सोमवार

पोलादपूरच्या नाक्यावर हायवेला मोठा फलक लागला आहे. शिमग्याला आलेल्या सगळ्या मुंबईकरांनी तो बघितला असणार. निळं आकाश, हिरवं पठार, आणि खाली:

"कुडपण हाइट्स. २१०० सालीही थंड. हे आम्ही नाही, गणित सांगतं. — डॉ. शर्मिला कासारे, जागतिक हवामान शास्त्रज्ञ."

शेजारी माझा आलेख. महाडची रेषा काढून टाकलेली. कुडपणची रेषा आडवी ताणून अशी झोपवलेली की तापमानवाढ दुपारी जेवून पडल्यासारखी दिसते. आणि फिकट पट्टी गायब.

मला प्रचंड राग आला. प्रामाणिकपणे लिहायचं तर "डॉ." वाचून आधी अर्धा क्षण बरं वाटलं, मग राग आला. आईने फलकासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

२० मार्च

चवदार तळ्यावर दरवर्षीसारखी गर्दी. घर पाहुण्यांनी भरलेलं. मुंबईची मावशी, चिपळूणचे काका, त्यांच्याबरोबर आलेली आणखी काही माणसं, जी कोणाची ते जेवणं होईपर्यंत कळलं नाही. सगळ्यांनी फोटो पाहिलेला. काका म्हणाले, आपल्यातली पोरगी जागतिक झाली. मी डॉक्टर अजून व्हायची आहे आणि फलक खोटा आहे, हे मी चार वेळा सांगितलं. मावशी म्हणाली, लाजतेय.

अरविंद सर आईला पाणी वाटायला मदत करायला आले होते. दिवसभर थांबले. त्यांना सुट्टीत काही काम नसतं असं दिसतं.

२४ मार्च

रितेशना भेटायला गेले. त्यांच्या ऑफिसात ए.सी. इतका गार होता की मला पदर लपेटून बसावं लागलं.

मी म्हटलं, "माझी पट्टी कुठे गेली?"

"मॅडम, ती फिकट आहे ना, तिला कलर जास्त लागतो. आणि क्लायंट कन्फ्यूज होतो."

"कन्फ्यूज व्हायलाच पाहिजे. ती त्यासाठीच आहे. आणि मी डॉक्टर नाही."

"होणार ना? मग अ‍ॅडव्हान्समध्ये टाकलं. तुम्ही पण पुढचंच सांगता ना सगळं."

 याला मला तीन उत्तरं सुचली, घरी येताना.

शेवटी ते म्हणाले, मे महिन्यात मुंबईचे क्लायंट घेऊन ते कुडपणला येणार आहेत, प्लॉट दाखवायला. मी तिथे येऊन काय ते समजावून सांगावं. "तुमची पट्टी पण आणा. फक्त जरा गोड शब्दांत." धोंडू शेलारांची जागा मोक्याची आहे, ती त्याच दिवशी लिहून होईल, मुलगे तयार आहेत, असंही म्हणाले.

मी येते म्हटलं. माझं नाव तिथे टांगलेलं आहे, तर निदान बाजू तरी माझीच असावी.

२२ एप्रिल

आज दुपारी धोंडू शेलार महाडला घरी आले. पिशवीत करवंदं. आईने चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून संपवला. मग ते म्हणाले,

"बाय, तुझा तो कागद हाय ना, त्यात कुडपण जरा गरम दाखव."

मी म्हटलं, "तसं करता येत नाही."

"येता गो. तू काढतेस ना ता? रितेशनी थंड करून घेतलान. मी काय जास्त मागत नाय. मुंबैवाले परत जातील एवढाच."

मुलांनी जागा विकायचं ठरवलं आहे. महादू, मोठा मुलगा, म्हणतो की बाबा, तुम्ही दोघंच वर, आजारी पडलात तर खाली कोण आणणार. "त्याचा पन चूक नाय," धोंडू म्हणाले. "पन मी मुंबैला जाऊन काय करू? खिडकीत बसू?"

मी त्यांना समजावलं की मॉडेल म्हणजे माझी इच्छा नव्हे. ते ऐकत होते, पण माझ्याकडे न बघता आईकडे बघत होते. निघताना आईने त्यांना सांगितलं, "बघेल ती काय तरी." मी असं काही म्हटलं नव्हतं.

२५ एप्रिल

इथे खरं लिहायला हवं.

मॉडेलमध्ये एक आकडा आहे. हवेतला कार्बन दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल, तो. हा आकडा कोणालाच नेमका माहीत नाही. जगभरचे अभ्यासक एक पल्ला देतात आणि त्यातला कुठलाही धरला तरी कोणी चूक म्हणू शकत नाही. मी मधला धरला होता. परवा संध्याकाळी सहज म्हणून वरचा धरून पाहिला. हवेत कार्बन सोडणंही जगाने बिलकुल कमी केलं नाही असं धरलं. कुडपणची रेषा उठून बसली. शतकाच्या शेवटी आजच्या महाडला जाऊन टेकली.

यात एकही खोटा आकडा नाही. मी त्याची छान रंगीत प्रत काढली.

आज अरविंद सरांना दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "हे असं निघालं, की निवडलंत?"

मी म्हटलं, भूगोलाच्या माणसाने गणितात लक्ष घालायचं कारण नाही.

ते बरं म्हणाले आणि पेपर तपासायला गेले.

३० एप्रिल

अरविंद सरांशी बोलणं बंद आहे. तेही बोलत नाहीत, पण रोज सकाळी माझ्या टेबलावरचा पंखा चालू करून ठेवतात. त्यामुळे कागद उडतात.

जेवण जात नाही. उकाड्याने असेल. आई म्हणते, उकाडा मागच्या आठवड्यातही होता.

२ मे

मॉडेल पुन्हा चालवलं. एकदा नाही. तो आकडा खालून वर सरकवत नेला, कार्बनचेही सगळे रस्ते घेतले, आणि प्रत्येक वेळची रेषा एकाच कागदावर काढली. आलेख झाडूसारखा दिसतो. सुरुवातीला घट्ट बांधलेला, पुढे पसरलेला. रितेशची झोपलेली रेषा यात कुठेच नाही, सगळ्यात खालचीही चढतेच. धोंडूंना हवी असलेली आहे, पण अगदी कडेला, एकटी.

धोंडूंना उपयोगी पडेल असं यात काही नाही. पण निवडलेलंही काही नाही.

अरविंद सरांना फोन केला आणि म्हटलं, "झाडू झालाय." ते म्हणाले, "रविवारी किती वाजता निघायचं?"

४ मे, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, कारण मला अजून नीट कळलेलं नाही.

आम्ही कुडपणला पोचलो तेव्हा शाळेच्या ओटीवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. धोंडू भिंतीला टेकून बसलेले. त्यांची बायको रखमा घरात चहापाण्याच्या तयारीत. घर समोरच आहे. महादू मुंबईहून आला होता. धोंडू त्याला म्हणाले, "ह्या मॅडम, आन् हे त्यांचे मिस्टर." मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. अरविंद सर प्रोजेक्टरची वायर सोडवत होते, त्यांनी केली नाही. वायर फारच गुंतली होती.

मुंबईच्या लोकांची मिनीबस उशिरा आली. ते जेवायला महाडला थांबले होते आणि नेमकी तिथे लाइट गेली होती. सगळे घामाघूम होऊन उतरले आणि वरचा वारा लागल्याबरोबर हात पसरून उभे राहिले. रितेशनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी झाडू दाखवला. थंड बाजू आधी सांगितली, प्रामाणिकपणे. रितेश खूश. धोंडू जमिनीकडे बघत राहिले, ते बघणं मला कठीण गेलं. मग मधलं सांगितलं, मग वरचं.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "वरचं टोक म्हणजे नक्की किती हो?"

"साधारण आजच्या महाडइतकं."

"जिथे आत्ता जेवलो ते महाड?"

"हो. पण तसं होईलच असं नाही. ते एक टोक आहे."

बाईंनी रुमालाने मान पुसली. मागे कुजबुज झाली. तरी सगळं संपलं असं नव्हतं, दोघं-तिघं अजून दरीच्या बाजूला उभं राहून फोटो काढत होते. तेवढ्यात एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "आणि पाण्याचं काय?"

हा प्रश्न चांगला होता. पाऊस, झरे, जमिनीतली ओल यांचं काहीही माझ्या दोन डब्यांत नाही. मर्यादा स्पष्ट सांगणं हे संशोधकाचं कर्तव्य आहे. मी म्हटलं, "पाणी नाही."

म्हणजे मला म्हणायचं होतं, मॉडेलमध्ये. तो शब्द मी पुढे जोडलाही, पण तोपर्यंत बाईंनी मागे वळून सांगितलं होतं, "मॅडम म्हणतात पाणी नाही." आणि ते मागे गेलं, तिथून बसच्या ड्रायव्हरपर्यंत.

मी आवाज चढवून म्हटलं, "ऐका, मॉडेलमध्ये पाणी नाही. गावात आहे की नाही ते मॉडेल सांगत नाही."

"बघा," ते गृहस्थ म्हणाले, "त्यासुद्धा सांगायला तयार नाहीत."

याच वेळी रखमाबाई घरातून पाण्याने भरलेल्या ग्लासांचं ताट घेऊन येत होत्या. अंगणाच्या मध्यावर थांबल्या. धोंडूंकडे पाहिलं. मग ताट घेऊन तशाच मागे वळल्या आणि आत गेल्या. बहुधा ग्लास कमी पडले असावेत. त्या परत आल्याच नाहीत.

मी गावकऱ्यांना विचारलं, "तुम्हीच सांगा, पाण्याची इथे काय परिस्थिती आहे?" ओटीवर इतकी माणसं, एकानेही तोंड उघडलं नाही. एरवी व्याख्यानात मध्ये मध्ये बोलणारी हीच माणसं.

महादूने आईला आत जाताना पाहिलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून खोकत होता, खांदे हलेपर्यंत. मग चेहरा पुसून रितेशना म्हणाला, "भाऊ, आज राहू द्या. आपण पुढल्या वर्षी बघू."

"अरे, कागद तयार आहेत."

"असू देत. बाबांना विचारल्याबिगर घाई झाली जरा."

बस गेली. जाताना त्या बाईंनी आपल्याजवळची बिसलरीची अर्धी बाटली धोंडूंच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

रितेशही आपल्या गाडीकडे निघाले. रागावतील असं वाटलं होतं. पण ते माझ्या बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या शब्दाला वजन आहे. महाबळेश्वरचं मॉडेल करता का?"

परतताना आम्ही दोघं धोंडूंच्या शेताच्या कडेने आलो. त्यांच्या बांधाखाली दगडात झरा आहे, मे महिन्यात चांगला हाताच्या मनगटाएवढा वाहत होता. अरविंद सरांनी गाडी थांबवली, दोघंही पाणी प्यायलो. फार गार होतं. मी म्हटलं, "हे त्यांना सांगायला हवं होतं कोणीतरी." अरविंद सर म्हणाले, "हो ना." आणि मग पोलादपूर येईपर्यंत गालातल्या गालात हसत होते. कशाला ते सांगितलं नाही.

५ मे

रात्री झोप झाली नाही. मी खोटं बोलले नाही, तरी लोक खोटं घेऊन गेले. सकाळी रितेशना सविस्तर मेसेज पाठवला की माझ्या विधानाचा अर्थ कुडपणला पाणी नाही असा नव्हता, कृपया सर्व ग्राहकांना कळवावं. त्यांनी अंगठा पाठवला.

फलक काढलाय असं आई म्हणाली. तिला वाईट वाटलं.

गाईड सरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, मर्यादांवर एक वेगळं प्रकरण लिहा. पाण्यापासून सुरुवात करा.

९ मे

आईने अरविंद सरांना जेवायला बोलावलं. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, आणि सोलकढी, जी ती एरवी फक्त जावयांसाठी करते, म्हणजे मावशीच्या. जेवता जेवता त्यांनी सांगितलं की संस्थेने त्यांना श्रीवर्धनच्या शाखेत उपप्राचार्य म्हणून पाठवायचं ठरवलं आहे. जूनपासून.

मी म्हटलं, "अभिनंदन."

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

मी नीट विचार करून उत्तर दिलं. श्रीवर्धन किनाऱ्यावर आहे, समुद्रामुळे तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तब्येतीला बरं. ते म्हणाले, "तेही आहे." त्यांनी आणखी भाकरी घेतली नाही.

ते गेल्यावर आईने विचारलं, "तू त्याला काय बोललीस?"

"अभिनंदन."

आईने कढीचं पातेलं झाकलं. "एवढी शिकलीस," ती म्हणाली, आणि दिवा मालवून झोपायला गेली. मी अजून स्वयंपाकघरातच उभी होते.

११ मे

पाण्यावरचं प्रकरण उघडून बसले. दिवसभरात एक वाक्य लिहिलं आणि ते खोडलं.

जून महिन्यापासून स्टाफरूम कशी असेल याचा विचार करून पाहिला. टेबलं तीच, पंखा तोच. मी तो स्वतः चालू करू शकते. एवढ्याशा गोष्टीत दिवस का जावा, ते कळेना. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आता कळलं तरी चालेल."

मग मागची पानं चाळली, चूक कधी झाली ते शोधायला. पहिल्याच पानावर सापडली, तारखेतच. शुक्रवार होता म्हणून नव्हते ते गुलाबजाम.

१२ मे

सकाळीच अरविंद सरांकडे गेले. ते पुस्तकं खोक्यात भरत होते. मला बसायला खुर्ची नव्हती, तीही बांधली होती. मी उभ्यानेच बोलले.

"तुम्ही श्रीवर्धनला जाऊ नये असं मला वाटतं. किंवा गेलात तर मीही यावं. यातलं कुठलं, ते अजून ठरलेलं नाही."

ते खोक्यावर बसले. खोकं दबलं, तरी उठले नाहीत.

"मला दोन्ही चालेल," ते म्हणाले.

"दोन्ही एकदम होऊ शकत नाही."

"मग त्यातलं कुठलंही."

मी म्हटलं, हे नीट विचार करून सांगा, कारण मी नीट विचार करून आले आहे. ते म्हणाले, त्यांचा विचार बराच आधी झाला होता, फक्त विचारायला जागा मिळत नव्हती. प्रत्येक वेळी मध्ये समुद्राचं काहीतरी निघायचं.

मग त्यांनी चहा केला. साखरेचा डबा खोक्यात कुठेतरी तळाशी गेला होता, म्हणून बिनसाखरेचाच प्यायलो. खोक्याची सुतळी त्यांनी सोडली, थोडा वेळ बघत बसले, पुन्हा बांधली, आणि मी निघेपर्यंत पुन्हा सोडली होती.

घरी आले तर आई दारातच.

"काय झालं गो?"

"गाव ठरायचंय," मी म्हटलं.

"आन् बाकीचा?"

"बाकीचं ठरलं."

 आई आत गेली आणि तिने मावशीला फोन लावला.